पुन्हा बसायचं की उठायचं?

रमीचा डाव रंगात आलेला असतो. एकाचे गुण १०१ वर जातात, तो बाद होतो आणि बाकीचे विचारतात, "काय काका, परत येताय का?" काका घड्याळाकडे बघत नाहीत, वहीत लिहिलेल्या गुणांकडेही बघत नाहीत. दोन सेकंदांत उत्तर येतं, "वाट पत्ते!"

आज आपण त्या दोन सेकंदांविषयी बोलणार आहोत. रमीत याला रीजॉइन म्हणतात, पोकरच्या स्पर्धांमध्ये रीबाय. बाद झालेल्या खेळाडूने पुन्हा पैसे भरायचे, नव्या चकत्या घ्यायच्या आणि खेळात परत यायचं. कोणतं पान ठेवावं, कोणतं टाकावं यावर खेळाडू वर्षानुवर्षं डोकं चालवतात. परत यावं की नाही, हे मात्र रागाच्या भरात नाहीतर लाजेखातर ठरतं. खरं तर त्याचाही हिशेब आहे, आणि तो शाळेतल्या शेकडेवारीच्या पलीकडे जात नाही.

चेन्नईत राहणाऱ्याला तर हा विषय टाळताच येत नाही. रमी आणि पोकर यांवरून गेल्या काही वर्षांत इथे कायदे झाले, रद्द झाले, पुन्हा झाले. त्या गोष्टीकडे आपण येऊच. आधी खेळ समजून घेऊ.

रीबाय म्हणजे नेमकं काय?

पोकरच्या स्पर्धेत सगळे सारख्या चकत्या घेऊन बसतात. इतरांच्या चकत्या जिंकायच्या, आपल्या संपल्या की उठायचं. साध्या स्पर्धेत एकदा उठलात की घरी. रीबायच्या स्पर्धेत मात्र सुरुवातीचा ठरावीक वेळ असा असतो की चकत्या संपल्या, किंवा बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या आकड्याइतक्या वा त्याहून कमी उरल्या, तर पुन्हा विकत घेता येतात. ही वेळ संपताना सगळ्यांना एक शेवटची संधी मिळते. तिला ॲड-ऑन म्हणतात. त्यात बऱ्याचदा त्याच किमतीत जास्त चकत्या देतात.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, तो म्हणजे ब्लाइंड. पत्ते बघण्याआधीच दोन खेळाडूंना सक्तीने काही चकत्या मध्ये टाकाव्या लागतात. एक छोटा ब्लाइंड, एक मोठा. दर थोड्या वेळाने हे आकडे वाढत जातात. पुढचा सगळा हिशेब या वाढीवर उभा आहे.

शंभर रुपयांचं शंभर रुपयांत

समजा, २० जण खेळायला बसले. प्रत्येकी १०० रुपये, प्रत्येकाला ५,००० चकत्या. बक्षिसाची रक्कम झाली २,००० रुपये आणि टेबलावरच्या चकत्या १,००,०००. तुम्ही पहिल्या अर्ध्या तासात बाद झालात. आता रीबाय घेतला तर चकत्या होतील १,०५,००० आणि बक्षीस २,१०० रुपये. तुमच्या ५,००० चकत्या म्हणजे एकूण चकत्यांच्या ४.७६ टक्के. २,१०० चे ४.७६ टक्के किती? बरोबर १०० रुपये.

म्हणजे सर्वसाधारण खेळाडूसाठी रीबाय हा नफ्याचाही नाही आणि तोट्याचाही नाही. शंभर रुपये देऊन शंभर रुपयांची वस्तू घेतली, इतकंच. मघाशी गेलेले शंभर या हिशेबात कुठेच येत नाहीत. ते आता दुसऱ्याच्या चकत्यांच्या ढिगात आहेत. "गेलेले परत मिळवायचे आहेत" हे रीबाय घेण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि "आधीच शंभर गेलेत" हे न घेण्याचंही नाही. गेलं ते गंगेला मिळालं.

मग निर्णय ठरतो कशावर? चार गोष्टींवर.

पहिली गोष्ट, आयोजकाचा वाटा. प्रवेश ११० रुपये असेल, त्यातले १०० बक्षिसात आणि १० आयोजकाला, तर शंभराच्या वस्तूला तुम्ही ११० मोजता. काही ठिकाणी रीबायवर हा वाटा घेत नाहीत, काही ठिकाणी दर वेळी घेतात. दर वेळी घेत असतील, तर तीनदा बसणाऱ्याचे ३० रुपये पत्ते वाटण्याआधीच गेले. सर्वसाधारण खेळाडूला हा व्यवहार आतबट्ट्याचाच.

दुसरी गोष्ट, तुमचा खेळ इतरांपेक्षा सरस आहे का. असेल तर तुमच्या ५,००० चकत्यांचं मोल शंभराहून जास्त, नसेल तर कमी. इथे स्वतःशी खोटं बोललं की हिशेब संपला.

तिसरी गोष्ट, वेळ. ब्लाइंड २५ आणि ५० असताना तुमच्या ५,००० चकत्या म्हणजे १०० मोठे ब्लाइंड. थांबता येतं, समोरच्याला जोखता येतं, वाईट पत्ते टाकून देता येतात. ब्लाइंड २५० आणि ५०० झाले की त्याच ५,००० चकत्या म्हणजे फक्त १० मोठे ब्लाइंड. आता थांबायला जागा नाही. बरे पत्ते दिसले की सगळं पुढे सरकवायचं, नाहीतर टाकायचं. कौशल्य वापरायला जागा जितकी कमी, तितका सरस खेळाडूचा फायदाही कमी. म्हणून ज्याला आपल्या खेळावर भरवसा आहे त्याने रीबाय लवकर घ्यावा. शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने घेतलेल्या रीबायमध्ये तो भरवसा फारसा कामाला येत नाही.

चौथी गोष्ट, तुमच्या टेबलावर कोण बसलंय. रीबायच्या वेळेत काही जण बेफाम खेळतात. संपल्या तर पुन्हा घेऊ म्हणत कसल्याही पत्त्यांवर सगळं लावतात. असा खेळाडू समोर असेल तर परत बसायला चांगलं कारण आहे, पण त्याच्यासारखं खेळायला नाही. चांगल्या पत्त्यांची वाट बघायची आणि ते आले की हात आखडता घ्यायचा नाही.

ॲड-ऑनचं गणित थोडं वेगळं. समजा, वरच्याच स्पर्धेत एकही रीबाय झाला नाही. १० जण उरलेत, चकत्या १,००,०००, बक्षीस २,००० रुपये. तुमच्याकडे १०,००० चकत्या, म्हणजे २०० रुपयांचा वाटा. आता १०० रुपयांत ७,५०० चकत्या मिळताहेत आणि बाकीच्या नऊ जणांनी त्या घेतल्या. तुम्ही नाही घेतल्या तर तुमचा वाटा उतरून साधारण १७३ रुपयांवर येतो. घेतल्या तर वाटा ३०० चा होतो आणि त्यासाठी १०० मोजलेले असतात, म्हणजे तुम्ही होता तिथेच राहता. चकत्या स्वस्त मिळत असतील आणि ही रक्कम आधीच बाजूला काढलेली असेल, तर ॲड-ऑन सोडू नये. अपवाद एकच. ज्याच्यापुढे आधीच चकत्यांचा डोंगर आहे, त्याला आणखी थोड्या चकत्यांचा उपयोग कमी. बक्षिसं अनेकांत वाटली जातात, त्यामुळे चकत्या दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही.

रमीतला ७९ चा नियम

हीच गोष्ट आपल्या ओळखीच्या खेळात आणखी स्पष्ट दिसते. १०१ च्या पूल रमीत प्रचलित नियम असा की बाकी कुणाचेही गुण ७९ च्या पुढे गेले नसतील तरच बाद झालेल्याला परत येता येतं. परत येताना त्याच्या नावावर, सगळ्यात जास्त गुण ज्याचे आहेत त्याच्याहून एक गुण जास्त मांडतात.

आता दोन प्रसंग घ्या. पहिल्यात सर्वाधिक गुण ३० आहेत. तुम्ही ३१ वर परत येता. सुरुवातीलाच पत्ते टाकून दिले तर २० गुण चढतात, म्हणजे तीन वेळा वाईट पत्ते आले तरी तुम्ही ९१ वर, खेळात आहात. दुसऱ्यात सर्वाधिक गुण ७९ आहेत. तुम्ही ८० वर येता. एकदा पत्ते टाकले की १००. त्यानंतर एक गुणही चढला की पुन्हा बाहेर.

परत येण्याची किंमत दोन्ही वेळा तीच, पण हातात पडणारी वस्तू अगदी वेगळी. नियमाने ७९ पर्यंत परवानगी दिली म्हणून ७९ ला परत यायलाच हवं असं नाही.

"आता तरी येईलच"

समजा, निम्मी शक्यता असलेल्या डावावर तुम्ही सगळं लावलं. हरलात, पुन्हा घेतलं, पुन्हा हरलात, तिसऱ्यांदाही हरलात. तीनदा ओळीने हरण्याची शक्यता आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के. एका संध्याकाळी आठ जण असं खेळले तर त्यातल्या एकाच्या बाबतीत हे घडणार, असं सरासरीने धरायला हरकत नाही. यात दुर्दैव वगैरे काही नाही.

चौथ्या वेळी शक्यता किती? तीच, निम्मी. पत्त्यांना मागचे तीन डाव आठवत नाहीत. ते आपल्यालाच आठवतात.

मोठमोठे खेळाडूही यातून सुटलेले नाहीत. कॅनडाचे डॅनियल नेग्रानू हे पोकरमधलं जगप्रसिद्ध नाव. २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १,००० डॉलर प्रवेशाच्या रीबाय स्पर्धेत त्यांनी चाळीसहून जास्त वेळा चकत्या विकत घेतल्या. विजेत्याला मिळणारं ब्रेसलेट त्या वर्षी त्यांच्या हाती लागलं नाही. खिसा मोठा असणाऱ्याला ब्रेसलेट विकत घेता येतं अशी कुरबुर वाढत गेली आणि २००९ पासून त्या मालिकेतून रीबायच्या स्पर्धा काढून टाकण्यात आल्या.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. रीबायच्या स्पर्धेच्या जाहिरातीत छापलेली प्रवेश फी ही खरी फी नसते. सुरुवात, एखाद-दोन रीबाय आणि ॲड-ऑन धरून किमान तिप्पट रक्कम मनात धरावी. ती परवडत नसेल तर साधी, एकदाच बसायची स्पर्धा बरी.

धर्मराज आणि नळराजा

परत बसण्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी गोष्ट महाभारतात आहे. सभापर्वात युधिष्ठिर शकुनीपुढे सगळं हरतो. द्रौपदीमुळे धृतराष्ट्र सारं परत देतो आणि पांडव निघतात. वाटेतच पुन्हा बोलावणं येतं. युधिष्ठिर परत फिरतो, पुन्हा बसतो. या दुसऱ्या खेळाला अनुद्यूत म्हणतात. एकच फासा, आणि पदरी पडतो बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास.

पहिल्या आणि दुसऱ्या खेळाच्या मधे काय बदललं होतं? समोर तोच शकुनी, तेच फासे आणि युधिष्ठिराचं तेच अर्धवट ज्ञान. बदल काहीच नव्हता, फक्त बोलावणं नवं होतं.

पुढे वनवासात बृहदश्व ऋषी त्याला नळराजाची कथा सांगतात. नळही पुष्कराकडून राज्य हरला होता. पण तो लगेच परत बसला नाही. बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला, घोड्यांची विद्या देऊन त्याच्याकडून फाशांची विद्या, म्हणजे अक्षहृदय, शिकला आणि मगच पुष्कराला खेळायला बोलावलं. तेव्हा तो जिंकला. कथा संपल्यावर बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाही तीच विद्या देतात.

मला वाटतं, रीबायचा निर्णय कसा घ्यावा हे या दोन गोष्टींत आहे. मघापासून आतापर्यंत माझ्यात किंवा खेळात काही बदललं आहे का? बदललं असेल तर बसावं. नुसतं बोलावणं आलं म्हणून बसू नये.

चेन्नईत काय झालं?

तामिळनाडूत हा प्रश्न घरातून थेट उच्च न्यायालयात गेला. मोबाईलवर रमी आणि पोकर आले तेव्हा परत बसण्याचा निर्णय एका बटणावर आला. "परत येताय का?" विचारणारं समोर कुणी नाही, थांबवणारंही कुणी नाही. कर्जात बुडालेल्या लोकांच्या आत्महत्यांचा दाखला देत राज्य सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम काढला आणि २०२१ मध्ये कायदा केला. ३ ऑगस्ट २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मग २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती बसली आणि एप्रिल २०२३ मध्ये नवा कायदा आला. त्यात रमी आणि पोकर नशिबाचे खेळ म्हणून नोंदवले होते. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तेवढा भाग काढून टाकला. रमीत कौशल्य मुख्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलं होतं. २०२३ चा निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला, मुंबई उच्च न्यायालयातून चेन्नईला आलेले.

त्यानंतर राज्याने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२५ च्या नियमांनुसार रात्री १२ ते पहाटे ५ पैशांचे खेळ बंद, १८ वर्षांखालच्यांना मनाई, आधारची पडताळणी, दिवसाची, आठवड्याची आणि महिन्याची खर्चमर्यादा, आणि सलग तासाभराहून जास्त खेळलात की पडद्यावर इशारा. ३ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले.

या नियमांची यादी पुन्हा वाचून बघा. वेळेची मर्यादा, पैशांची मर्यादा, मधेच थांबून भानावर आणणारी सूचना. चांगला खेळाडू बसण्याआधी स्वतःच स्वतःला घालतो, तीच ही बंधनं. पत्ते खेळण्यात कौशल्य आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण रात्री दोन वाजता, तीनदा हरल्यावर, चौथ्यांदा बटण दाबणाऱ्या बोटात ते उरलेलं नसतं.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा मंजूर केला. त्यात कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करण्याची तरतूद आहे. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ थांबवले. त्यामुळे वरचा सगळा हिशेब आता चिंचोक्यांवर किंवा बिनपैशांच्या ॲपवरच करून बघा. चिंचोक्यांवरही तो तितकाच बरोबर येतो.

घरात कुणी खेळापायी कर्ज लपवत असेल, झोप उडाली असेल, तर भांडणाआधी बोलणं व्हावं. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं, मराठीतही बोलता येतं.

पत्त्यांच्या बाहेर

पत्ते न खेळणाऱ्यांनाही रीबाय घ्यावा लागतोच. नीटची परीक्षा पुन्हा द्यायची का? यूपीएससीचा चौथा प्रयत्न करायचा का? पडलेला शेअर आणखी घ्यायचा का? न चालणाऱ्या दुकानात आणखी भांडवल घालायचं का? "एवढी दोन वर्षं घातली, आता मागे कसं फिरायचं" हे वाक्य आपण किती घरांत ऐकतो! ती दोन वर्षं परत येणार नाहीत, पुढचं वर्ष मात्र अजून आपल्या हातात आहे. मागच्या प्रयत्नात कुठे चुकलं हे कळलं असेल आणि या वेळी अभ्यासाची पद्धत बदलणार असेल, तर तो नळराजाचा डाव आहे. मुलाने जरूर बसावं आणि घरच्यांनी पाठीशी उभं राहावं. तीच पुस्तकं, तेच वेळापत्रक आणि फक्त "या वेळी होईल" ही आशा असेल, तर एकदा शांतपणे बोलायला हवं.

तीन ओळींचा कागद

पत्ते असोत की परीक्षा, बसण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात. मी जास्तीत जास्त किती वेळा परत येणार? किती वाजता, किंवा कोणत्या तारखेला, थांबणार? आणि परत यायचं तर कोणती गोष्ट बदललेली असायला हवी? डाव सुरू झाल्यावर आकडे बदलायचे नाहीत. बाद झालात तर आधी खुर्चीवरून उठायचं, पाणी प्यायचं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी आत्ताच या घरात पाऊल टाकलं असतं, तर ही खुर्ची या किमतीत घेतली असती का?

आणि तो कागद खेळणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवू नये. घरातल्या ज्या माणसाला पत्त्यांत काडीचाही रस नाही, त्याच्याकडे द्यावा.